मांडीवरच्या कुत्र्यांची वंशावळ

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात १८७१ साली एक कुत्रा घोडागाडीखाली सापडून मेला. त्याचं नाव हडर्सफील्ड बेन. वय अवघं सहा वर्षं. एवढ्या आयुष्यात त्यानं कुत्र्यांच्या प्रदर्शनांत सत्तरच्या वर बक्षिसं मिळवली होती. आज जगभर यॉर्कशायर टेरिअर म्हणून जी रेशमी केसांची, पिशवीत मावतील एवढी कुत्री दिसतात, त्यांचा मूळपुरुष कोण असं विचारलं, की जाणकार या बेनकडे बोट दाखवतात. राजघराण्यांच्या वंशावळी आपण शाळेत पाठ केल्या. आज एका कुत्र्याच्या वंशावळीबद्दल बोलायचं आहे. हसण्यावारी नेऊ नका. या वंशावळीत विणकर आहेत, गिरण्या आहेत, राणी आहे, लूट आहे, डार्विन आहे आणि आपला अकबर बादशहासुद्धा आहे.

बेनची पैदास केली हडर्सफील्डच्या ईस्टवूड नावाच्या गृहस्थांनी. त्याला वाढवलं आणि मिरवलं ब्रॅडफर्डच्या मेरी अ‍ॅन फॉस्टर या बाईंनी. बेन स्वतः काही फार छोटा नव्हता, साडेपाच किलोच्या आसपास भरायचा. त्याचं मोल वेगळ्याच गोष्टीत होतं. त्याची पिल्लं त्याच्याहून लहान निपजत, अडीच किलोच्या आतबाहेर. केस मात्र बापाचे, लांब आणि मऊ. हे गुण त्याच्यात इतके पक्के कसे रुजले? वंशावळ पाहिली तर उत्तर मिळतं. ज्या मादीच्या पोटी तो जन्मला, तीच त्याच्या बापाचीही आई होती. माणसाच्या बाबतीत ज्याचा उच्चारही करवत नाही, ते कुत्र्यांच्या पैदाशीत हिशेबानं केलं जात होतं.

हा हिशेब कोणी शोधला? कोणा शास्त्रज्ञानं नव्हे. स्कॉटलंडमध्ये पेझली नावाचं विणकरांचं गाव आहे. काश्मिरी शालीवरची आपली कोयरी या गावानं मागावर उतरवली आणि इंग्रजीत तिला स्वतःचं नाव देऊन टाकलं. यंत्रमाग आले, हातमाग बसले, तसे स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरण्यांकडे निघाले. बरोबर त्यांची उंदीर मारणारी लहानखुरी टेरिअर कुत्री होती. गिरणीत उंदीर भरपूर, म्हणून कुत्र्याला काम होतं. घर एका खोलीचं, म्हणून कुत्रं लहान हवं होतं. आणि ज्याच्या बोटांना दिवसभर धाग्याचा पोत कळतो, त्या माणसाला कुत्र्याच्या केसांचा पोत कळणार नाही तर कोणाला? यॉर्कशायरच्या मागावरचं सगळ्यात तलम कापड म्हणजे हे कुत्रंच, असा विनोद तिकडे प्रचलित होता. १८७० च्या सुमारास एका वार्ताहरानं लिहिलं, की या कुत्र्यांना आता स्कॉच म्हणू नये, यॉर्कशायर म्हणावं, कारण त्यांना हे रूप इथंच मिळालं. नाव चिकटलं. ज्यांच्या हातांनी ते रूप दिलं, त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

मालेगाव-भिवंडीच्या विणकर वस्त्यांत मी गच्चीगच्चीवर कबुतरांच्या ढाबळी पाहिल्या आहेत. त्यामुळं मला या गोष्टीचं नवल वाटत नाही. दिवसाचे बारा तास एकाच लयीत काम करणाऱ्या माणसाला काहीतरी स्वतःचं, जिवंत आणि सुंदर हवं असतं. आपण त्याला नाद म्हणतो, उर्दूत शौक म्हणतात. इंग्रजीत अशा पशुपक्ष्यांच्या नादाला 'फॅन्सी' म्हणतात आणि नादिष्टाला 'फॅन्सिअर'. लंडनमध्ये स्पिटलफील्ड्सचे विणकर कबुतरं, गाणारे पक्षी आणि लहान स्पॅनिअल कुत्री यांच्यासाठी प्रसिद्ध होते. चार्ल्स डार्विननं १८५५ च्या सुमारास कबुतरं पाळायला घेतली, तेव्हा तो लंडनमधल्या अशा नादिष्टांच्या दोन मंडळांचा सभासद झाला होता. त्याला पुस्तकात न सापडणारं ज्ञान तिथं मिळालं: रोज थोडंथोडं निवडत गेलं, तर पिढ्यान्‌पिढ्यांत जनावराचं रूप पालटतं. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये त्यानं अकबराच्या दरबाराचा दाखला दिला आहे. बादशहाबरोबर वीस हजार कबुतरं असत, असा. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तली ही माहिती. बादशहानं या कबुतरबाजीला नाव दिलं होतं 'इश्कबाजी'! त्याच पुस्तकात डार्विननं असंही म्हटलं आहे, की किंग चार्ल्स स्पॅनिअल हे मांडीवरचं कुत्रं चार्ल्स राजाच्या काळापासून नकळत बरंच बदलून गेलं असावं.

नकळत, हा शब्द महत्त्वाचा. कारण त्याच १८५९ साली नकळत होणारी गोष्ट जाणूनबुजून करण्याची सोय झाली. जून महिन्यात न्यूकॅसल इथं कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं. साठ कुत्री, तीही फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींची. बक्षीस म्हणून बंदुका. पॉइंटरच्या परीक्षकाचा कुत्रा सेटरमध्ये पहिला आला आणि सेटरच्या परीक्षकाचा पॉइंटरमध्ये, अशी नोंद आहे. स्पर्धा आणि परीक्षक यांचं नातं जुनंच म्हणायचं!

लहान कुत्र्यांची प्रदर्शनं मात्र त्याआधीपासून भरत होती, दारूच्या गुत्त्यांत. जेमी शॉ नावाच्या गुत्तेवाल्याकडे एका संध्याकाळी जमलेल्या मंडळींचं १८५५ सालचं चित्र उपलब्ध आहे. टेबलावर, मांडीवर, खुर्चीत चिमुकली कुत्री आणि भोवती पाइप ओढणारे नादिष्ट. याच गुत्त्यात उंदीर मारण्याच्या शर्यती लागत. शाळा म्हणाल तर हीच. कुठली मादी कोणाकडे न्यायची, वेतातलं कुठलं पिल्लू ठेवायचं, केसांना काय लावायचं, हे इथं तोंडी शिकायचं. या कुत्र्यांना मोल केवढं चढलं होतं ते चोरांकडून कळतं. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हिचा लाडका स्पॅनिअल फ्लश तीनदा चोरीला गेला आणि तीनही वेळा खंडणी भरून तिनं त्याला सोडवून आणलं. लंडनमध्ये या चोरांच्या टोळ्याच होत्या. अखेर १८४५ साली कुत्र्यांच्या चोरीसाठी वेगळा कायदा करावा लागला. फ्लशवर तिनं कविता लिहिली आणि पुढं व्हर्जिनिया वुल्फनं १९३३ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. कवींचं आणि कुत्र्यांचं जमतं, एवढंच इथं नोंदवतो.

१८७३ च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. पुढच्या वर्षी पहिलं 'स्टड बुक' निघालं. त्यात चार हजारांवर कुत्र्यांची कुळं-मुळं नोंदलेली होती. सूत्रं गुत्त्यातून दिवाणखान्यात गेली. प्रत्येक जातीचं एक 'स्टँडर्ड' लिहिलं गेलं: नाक असं, डोळे असे, शेपूट अशी. नोंदवलेल्या आईबापांचंच पिल्लू नोंदवायचं, हा दंडक हळूहळू पक्का झाला. मराठीत आपण 'ब्रीड'ला जात म्हणतो. भाषा कधीकधी आपल्यापेक्षा जास्त जाणते. रोटीव्यवहार कोणाशीही चालेल, बेटीव्यवहार वहीतल्यांशीच. हा नियम समजावून घ्यायला मराठी माणसाला वेगळं काही शिकावं लागत नाही.

आणि जात आली की बाटणंही आलं. त्या काळच्या इंग्रज पैदासकारांची अशी पक्की समजूत होती, की जातिवंत मादीला एकदा जरी गावठी कुत्रा लागला, तरी ती कायमची बिघडली. पुढं कितीही उत्तम नर दाखवला, तरी पिल्लांत त्या पहिल्याचा अंश उतरणार. अशा माद्या पैदाशीतून काढून टाकत. या समजुतीला 'टेलेगनी' असं भारदस्त नावही होतं आणि मोठमोठे विद्वान ती मानत. शेवटी स्कॉटलंडच्या कॉसर युअर्ट या प्राध्यापकांनी झेब्रे आणि घोड्या यांच्यावर प्रयोग करून १८९९ साली दाखवून दिलं, की असं काही होत नाही. बायकांविषयीच्या आपल्या कल्पना माणसानं मुक्या मादीवरही लादल्या होत्या, असं मला ते वाचताना वाटलं.

आता लुटीची गोष्ट. ऑक्टोबर १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा चिनी सम्राटाचा उन्हाळी महाल लुटला. या फौजेत हिंदुस्थानातले घोडेस्वार आणि शिपाईही होते. महालात पाच चिमुकली, चपट्या नाकाची कुत्री सापडली. त्यांतलं एक कॅप्टन डन यानं व्हिक्टोरिया राणीला नजर केलं. राणीच्या घरी त्याचं नाव काय पडलं? 'लूटी'. इंग्रजीला हा शब्द आपल्याच मुलखानं दिलेला. आपल्या अनुभवावरूनच दिलेला. लूटी १८७२ पर्यंत राजवाड्यात राहिली. ज्या लॉर्ड एल्गिननं तो महाल जाळण्याचा हुकूम दिला, तो १८६२ साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होऊन आला आणि पुढच्याच वर्षी धर्मशाला इथं वारला. पेकिनीज जातीचा पश्चिमेतला इतिहास इथून सुरू होतो.

राणीचा स्वतःचा जीव मात्र पॉमेरेनियनवर जडला. १८८८ मध्ये फ्लॉरेन्सला तिनं मार्को नावाचा लालसर पॉमेरेनियन घेतला, साडेपाच किलोचा. तोवर या जातीची कुत्री बरीच थोराड असत. राणीनं लहान पाळली म्हटल्यावर सगळ्यांनाच लहान हवी झाली. १८९१ साली चार्ल्स क्रफ्टनं लंडनमध्ये आपलं पहिलं मोठं प्रदर्शन भरवलं. हा क्रफ्ट कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या स्प्रॅट कंपनीत उमेदवारी केलेला माणूस. त्याच्या घरी म्हणे मांजर होतं. त्या प्रदर्शनात राणीचे पॉमेरेनियन उतरले आणि बक्षिसं घेऊन गेले. ते न घेता परतले असते, तर ती बातमी झाली असती! आज ब्रिटिश 'स्टँडर्ड'प्रमाणे पॉमेरेनियन नर दोन किलोच्या आत बसतो. पन्नास-साठ पिढ्यांत एवढं अंतर.

पण हे सगळं प्रत्यक्षात करत होतं कोण? क्लबात पुरुष बसत. रात्री दोनला उठून पिल्लांना दूध पाजत होत्या बायका. मेरी अ‍ॅन फॉस्टर १८८९ साली लीड्सला परीक्षक म्हणून बसल्या; इंग्लंडच्या पहिल्या स्त्री-परीक्षकांत त्यांची गणना होते. १८९४ मध्ये बायकांनी स्वतःची 'लेडीज केनेल असोसिएशन' काढली. मुख्य केनेल क्लबचं सभासदत्व मात्र त्यांना मिळालं १९७९ साली. त्याच वर्षी मार्गारेट थॅचर देशाच्या पंतप्रधान झाल्या.

लहान कुत्र्याची पैदास हे नाजूक काम आहे, हे सांगितल्यावाचून पुढं जाता येत नाही. कुत्रीचे दिवस साधारण ६३. मोठ्या जातीची कुत्री आठ-दहा पिल्लं देते. ही चिमुकली एक, दोन, फार तर चार. पिल्लू एकुलतं असलं तर पोटात मोठं होतं. त्यातून डोकं गोल आणि मोठं हवं, असा माणसाचा हट्ट; आईची वाट अरुंद. मग ती अडते आणि पोट फाडून पिल्लू काढावं लागतं. जन्मलेलं पिल्लू शंभर-सव्वाशे ग्रॅमचं, म्हणजे एका लिंबाहून थोडं जड. ते थंडीनं गारठतं आणि दोन-तीन तास दूध चुकलं, तर रक्तातली साखर उतरून निपचित पडतं. म्हणून शिकाऊ माणसाला पहिली गोष्ट शिकवतात ती स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरायची. रोज वजन करून लिहून ठेवायचं. ज्या दिवशी आकडा वाढला नाही, त्या दिवशी झोप नाही. आईकडेही लक्ष हवं. दोन-तीन आठवड्यांनी तिच्या अंगातलं कॅल्शियम दुधातून निघून जातं, ती थरथरायला लागते, झटके येतात. डॉक्टरकडे त्याच तासाला न्यावं लागतं, सकाळची वाट बघून चालत नाही.

केसांची वेगळीच तऱ्हा. यॉर्कशायर टेरिअरचे केस जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणून बटबट वेगळी करून, तेल लावून, कागदाच्या पुडीत गुंडाळून ठेवतात. व्हिक्टोरियन काळात तर खाजवून केस तुटू नयेत, म्हणून मागच्या पायांत मोजे घालत. आंबाडा घातलेल्या आजीसारखं ते कुत्रं दिवसभर पुड्या बांधून बसायचं आणि परीक्षकासमोर दहा मिनिटं केस मोकळे सोडायचं. प्रदर्शनाचे दिवस संपले, की पालक पहिली गोष्ट करतात ती केस कापण्याची. त्यानंतर ते चिखलात लोळतं.

प्रदर्शनांनी एक मोठं संकटही आणलं. शेकडो कुत्री एका छपराखाली, म्हणजे डिस्टेंपरला आमंत्रणच. घरी आणलेला चषक आणि आठवड्यानं ओस पडलेला पिंजरा, हे नित्याचं झालं होतं. हा रोग विषाणूमुळं होतो, हे फ्रान्सच्या हेन्री कारे यांनी १९०५ साली दाखवलं. 'द फील्ड' या नियतकालिकानं १९२३ मध्ये कुत्रेवाल्यांकडून निधी गोळा केला आणि त्यातून लेडलॉ आणि डंकिन या संशोधकांनी १९२८ पर्यंत लस तयार केली. नादिष्टांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं हे काम मला सगळ्या चषकांपेक्षा मोठं वाटतं.

शिकवण्याबद्दल थोडं. मुसलमानानं कुत्र्यांवर इतकं बोलावं, याचं कोणाला नवल वाटत असेल. आमच्याकडे कुत्रं घरात घेत नाहीत, हे खरं. पण शिकवलेल्या जनावरानं धरून आणलेली शिकार कुराणानं हलाल ठरवली आहे आणि गुहेत झोपलेल्या श्रद्धावंतांच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलेलं कुत्रंही त्यात आहे. 'शिकवलेलं' या शब्दाला तिथं मान आहे. प्रदर्शनाचं कुत्रं शिकार करत नाही, त्याचं शिक्षण निराळं. त्यानं टेबलावर स्थिर उभं राहायचं, परक्या माणसानं दात, कान, पाय तपासले तरी बिचकायचं नाही, आणि सैल दोरीवर मालकाच्या चालीनं चालायचं. लहान कुत्र्याची श्वासनळी नाजूक, म्हणून दोरीला हिसका चालत नाही. मारून तर काहीच होत नाही. भेदरलेलं कुत्रं शेपूट पायांत घालतं आणि परीक्षकाला सगळं कळतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी कॉकर स्पॅनिअल, बीगल अशा पाच जातींवर वर्षानुवर्षं निरीक्षणं करून १९६५ मध्ये ग्रंथ लिहिला. त्याचं सार असं: तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे हात, आवाज, वास ओळखीचे करून घेतं, त्यावर त्याचा जन्मभराचा स्वभाव ठरतो. विणकराच्या एका खोलीत, पोराबाळांच्या गलक्यात वाढलेल्या पिल्लाला हे सगळं फुकट मिळत होतं.

आता त्या चार्ल्स राजाच्या स्पॅनिअलकडे परत येऊ. जुन्या चित्रांत त्याचं नाक लांब दिसतं. चपट्या नाकाची फॅशन आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते नाक जवळजवळ नाहीसं झालं. १९२६ साली रॉसवेल एल्ड्रिज नावाचा अमेरिकन क्रफ्टच्या प्रदर्शनात आला. त्याला ते जुन्या चित्रातलं कुत्रं हवं होतं. कुठंच मिळेना. त्यानं २५ पौंडांची बक्षिसं लावली: जुन्या तोंडवळ्याचा नर आणि मादी आणा. लोक हसले. कारण तसं लांब नाकाचं पिल्लू एखाद्या वेतात निघालं, तर ते खोड म्हणून कोणाला तरी देऊन टाकत. काही बायका अशी टाकलेली पिल्लं शोधत फिरल्या. १९२८ मध्ये 'अ‍ॅन्स सन' नावाच्या कुत्र्यानं बक्षीस मिळवलं. एल्ड्रिज ते पाहायला हयात नव्हता, महिनाभर आधीच गेला होता. त्याच वेळी नव्या जातीचा क्लब निघाला: कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिअल. १९४५ मध्ये तिला मान्यता मिळाली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण मूळचे प्राणी मोजकेच आणि वही पुन्हा बंद. त्या मोजक्यांच्या रक्तात जे दोष होते, ते सगळीकडे पसरले. या गोड स्वभावाच्या कुत्र्याच्या हृदयाची झडप लवकर निकामी होते आणि कवटी मेंदूला पुरत नाही, त्यामुळं मानेच्या मज्जारज्जूत पाणी साचून अतोनात वेदना होतात. २००८ च्या ऑगस्टमध्ये बीबीसीनं हे सगळं एका माहितीपटात दाखवलं. त्यात २००३ च्या क्रफ्ट्समध्ये सर्वोत्कृष्ट ठरलेला पेकिनीजही होता. त्याच्या घशाची शस्त्रक्रिया झालेली होती आणि विजेता म्हणून छायाचित्र काढताना त्याला बर्फाच्या पिशवीवर बसवलं होतं, दम लागून तापू नये म्हणून. केवढा गदारोळ झाला! बीबीसीनं पुढच्या वर्षीपासून क्रफ्ट्स दाखवणं थांबवलं, केनेल क्लबनं 'स्टँडर्ड' बदलली. पेकिनीजला नाक दिसलं पाहिजे, असं लिहिलं. नॉर्वेत प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कॅव्हेलियरची प्रचलित पद्धतीची पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. पैदासकार चिडले. काहींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही: जे तपासण्या करून, कागद ठेवून पैदास करतात ते सापडतात आणि कागद न ठेवणारा बाजार मोकळा सुटतो.

तो बाजार आपल्याकडे आहे. आपण ज्याला वर्षानुवर्षं पॉमेरेनियन म्हणत आलो, 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीसारखा पांढराशुभ्र, तो खरा पॉमेरेनियन नव्हेच. तो इंडियन स्पिट्झ. साहेबांनी आणलेल्या कुत्र्यांपासून इथं तयार झालेला, नाकानं लांब, उन्हाळा सोसणारा, डाळभातावर वाढणारा. २००० नंतर त्याची फॅशन गेली आणि पग, शी-त्झू आले. एप्रिल-मे महिन्यात नागपूर-जळगावकडे धापा टाकताना दिसतात ते. व्यापारासाठी परदेशी कुत्री आणण्यावर २०१६ साली बंदी आली आणि २०१७ मध्ये पैदाशीचे नियम झाले: मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिची वीण घ्यायची नाही, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. नियम चांगले आहेत. शनिवार-रविवारी रस्त्याकडेला पुठ्ठ्याच्या खोक्यात पिल्लं घेऊन बसलेल्या माणसाला त्यांतला एकही विचारून पाहा.

आणि खरोखरच पिल्लू घ्यायला जाणार असाल, तर पिल्लाआधी त्याची आई पाहायला मागा. तिला अंगणात एक चक्कर मारायला लावा आणि नंतर शांतपणे तिचा श्वास ऐका. दाखवायला आईच नसेल, तर चहा न घेता उठा.